एकाच घरात राहून वेगळं झालेल्या जोडप्याची रोमँटिक कॉमेडी कशी लिहावी

जोडप्याचं फाटलंय, पण दोघांनाही घर सोडता येत नाही. रोमँटिक कॉमेडीतला हा उपप्रकार नव्या लेखकाला मोह पाडतो. पात्रं दोन, फ्लॅट एक, भांडणं हवी तेवढी, आणि निर्मात्यालाही खर्च कमी दिसतो. तरी अशा बऱ्याच पटकथा चाळिसाव्या-पन्नासाव्या पानाला बसकण मारतात. त्याची कारणं दोनच. एक तर वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, "मग यातला एक जण निघून का जात नाही?" नाहीतर तेच भांडण वेगवेगळ्या आवाजात पुन्हा पुन्हा होत राहतं. दोन्हींवरचा इलाज संवाद लिहायला बसण्याआधी करायचा असतो, म्हणून इथल्या निम्म्याहून जास्त पायऱ्या संवादांच्या आधीच्या आहेत.

हिशेब मराठी चित्रपटाचा धरलाय: सुमारे ११० पानं, एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, ६० ते ७० प्रसंग, आणि पंचावन्न ते साठ पानांच्या दरम्यान मध्यंतर. दोन अंकी नाटक लिहायचं असेल तरी पायऱ्या त्याच राहतात. खरं तर एकाच सेटवरचं नाटक म्हणून हा विषय चित्रपटापेक्षाही चपखल बसतो.

पायरी १: तीन चित्रपट पाहा, पण एकेका गोष्टीसाठी

'द ऑफुल ट्रुथ' (१९३७) पाहायचा तो मुदतीसाठी. न्यायालय घटस्फोट देतं, पण तो पक्का व्हायला ९० दिवस असतात. नवरा-बायको तोवर वेगळे राहतात, पण कुत्र्याचा ताबा असो की त्याची भेट, प्रत्येक निमित्ताला एकमेकांच्या आयुष्यात घुसतात. शेवटच्या रात्री बारा वाजता मुदत संपते आणि दोघं शेजारच्या दोन खोल्यांत असतात. मधलं दार नीट बंदच राहत नाही. शेवटची पंधरा मिनिटं त्या दारावर कशी उभी केली आहेत ते वही घेऊन पाहा.

'द ब्रेक-अप' (२००६) हे या उपप्रकाराचं सर्वांत सरळ उदाहरण. शिकागोतला दोघांनी मिळून घेतलेला फ्लॅट. ती बेडरूममध्ये, तो हॉलच्या सोफ्यावर. ठिणगी पडते लिंबांवरून: तिने बारा आणायला सांगितलेले असतात, तो तीन आणतो. तिसरा 'द वॉर ऑफ द रोझेस' (१९८९). इथेही दोघं घर सोडत नाहीत, पण शेवटी दोघंही मरतात. तुमची कॉमेडी कुठल्या रेषेपलीकडे गेली की काळी होते हे कळण्यासाठी तो पाहायचा.

जमलं तर 'जरा हटके जरा बचके' (२०२३) बघून घ्या. तिथे हाच सांधा उलटा बसवलाय. इंदूरच्या एकत्र कुटुंबातलं जोडपं स्वतःचं घर मिळावं म्हणून घटस्फोटाचं नाटक करतं.

पायरी २: आधी अडकण, मग भांडण

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. आठ दिवस गेले तरी चालतील. घर न सोडण्याचं कारण इतकं घट्ट हवं की प्रेक्षकाने मनात काढलेली प्रत्येक पळवाट तुम्ही आधीच बुजवलेली असेल. कसोटी सोपी आहे: महिन्याला दहा-बारा हजारांची पीजीची खोली घेतली तर प्रश्न सुटतो का? सुटत असेल तर ती अडकण नव्हे, सबब आहे.

आकडे प्रत्यक्ष मांडून पाहा. केतकी आणि मंदार, डोंबिवली पूर्वेला १ बीएचके. कर्ज दोघांच्या नावावर, ४० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता येतो सुमारे ३४,७०० रुपये. हातात पडणारा पगार तिचा ५२,००० आणि त्याचा ४८,०००. एकट्या केतकीच्या नावावर कर्ज करायला गेलं तर हप्त्यातच पगाराचे दोन तृतीयांश जातात, बँक नाही म्हणते. मंदारचं तर विचारायलाच नको. दोघंही सहकर्जदार असल्यामुळे एकाने हप्ता थकवला तर बँक दुसऱ्याकडे पूर्ण रक्कम मागू शकते, आणि दोघांचीही पत खराब होते. म्हणजे "मी चाललो, तुझं तू बघ" हे वाक्य मंदारला परवडत नाही. इथवर एक पळवाट बंद झाली.

"मग विकून टाका की." ही दुसरी पळवाट, तीही बुजवा. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (तिथे राहायला पालिकेची परवानगी) मिळालेलं नाही, त्यामुळे घेणाऱ्याला कर्ज मिळणं अवघड, आणि रोखीने घेणारा भाव पाडून मागतो. आता दोघं खरोखर अडकले. शिवाय ही अडकण कथेला घड्याळही देते: प्रमाणपत्र कधी येणार, गिऱ्हाईक कधी मिळणार, बयाणा घेतला की खरेदीखतापर्यंत किती दिवस.

अडकणीचे आणखी काही प्रकार वापरण्याजोगे आहेत. भाड्याचं घर असेल तर लीव्ह अँड लायसन्स करारातला लॉक-इन काळ (ज्यात घर सोडता येत नाही) आणि अडकलेलं डिपॉझिट. हे कारण दोन-तीन महिने तग धरतं, तेव्हा कथाही तेवढ्याच काळाची ठेवा. मुंबईत सर्वांत रसाळ कारण म्हणजे पुनर्विकास. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या आदेशानंतर सहकारी सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. पण फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर पर्यायी जागेच्या करारावर दोघांच्याही सह्या लागतात. विकासकाकडून मिळणारं भाडं कोणाच्या खात्यात, नवीन घर किती चौरस फुटांचं, आणि तोवर जुन्या घरातून आधी कोणी हलायचं? सोसायटीच्या सभेत अध्यक्षांसमोर जोडप्याने सही करायला नकार देणं हा एक अख्खा प्रसंग आयता मिळतो.

बाहेरची अडकण पहिली तीस-चाळीस पानं कथा ओढते. त्यानंतर आतलीही लागते: दोघांपैकी एकाला मनातून जायचं नाहीये आणि ते कबूल करायचं नाहीये. हे कोण, ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत हवं. प्रेक्षकाला मध्यंतरानंतर कळलं तरी चालेल.

पायरी ३: लग्न झालंय की नाही, ते ठरवा

हा फरक केवळ मंगळसूत्राचा नाही, कथेच्या दिनदर्शिकेचा आहे. लिव्ह-इन जोडप्याला न्यायालय नसतं, म्हणून मुदत बाहेरून आणावी लागते: लॉक-इन, परदेशातली नोकरी, बहिणीचं लग्न. नवरा-बायको असतील तर कायदा तुम्हाला पक्क्या पायऱ्या देतो, आणि लेखकांना बहुधा त्या नीट माहीत नसतात.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट हवा असेल तर अर्ज करण्याआधी दोघं किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागतात. गंमत इथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केलं की विभक्त राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. परिस्थितीमुळे दोघं एकाच छताखाली असले तरी ते विभक्त असू शकतात. तुमच्या अख्ख्या चित्रपटाला कायद्याचा आधार मिळाला. आता वकिलाच्या केबिनमधला प्रसंग लिहा, जिथे दोघांना कळतं की एकाच घरात राहूनही वर्ष मोजता येतं, पण "एकत्र नाही" हे दाखवता आलं पाहिजे. एकमेकांच्या ताटात वाढायचं नाही, एकमेकांचे कपडे वाळत घालायचे नाहीत. प्रेमाचं प्रत्येक छोटं काम आता खटल्याला धोका आहे. या उपप्रकारात यापेक्षा चांगलं विनोदी यंत्र शोधून सापडणार नाही.

पहिल्या अर्जानंतर दुसरा टप्पा, म्हणजे दोघांनी मिळून पुन्हा घटस्फोट मागणं, सहा महिन्यांनी ते अठरा महिन्यांच्या आत. सहा महिन्यांची ही थांबण्याची मुदत न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. म्हणून "सहा महिने थांबावंच लागेल" असं पात्राच्या तोंडी घालू नका. वकील मैत्रीण प्रीमियरला हसेल. आणखी एक कलमी तपशील शेवटासाठी राखून ठेवा: हुकूमनामा होण्याआधी दोघांपैकी कोणीही एकाने संमती मागे घेतली तर परस्पर संमतीचा अर्ज तिथेच अडतो. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात न्यायाधीश विचारतात आणि एक जण गप्प उभा राहतो. विमानतळावर धावत जाण्याची गरजच उरत नाही.

"हे माझ्या बापाचं घर आहे, चालती हो" हे वाक्य नवऱ्याच्या तोंडी देण्याआधी थांबा. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ बायकोला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, आणि घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. कायदा बाजूला ठेवला तरी या वाक्यानंतर प्रेक्षक नवऱ्याला माफ करत नाही. उरलेली पन्नास पानं वाया जातात.

पायरी ४: ठिणगी लहान, हाताने धरता येईल अशी

बाहेरख्याली, पगार लपवणं, मारहाण यांतलं काही ठिणगी म्हणून घेतलं की कॉमेडी संपली. ओला टॉवेल आणि टूथपेस्टचं झाकण वापरून गुळगुळीत झालंय. रोज लागणारी, दोघांनी मिळून चालवायची आणि एकाच्याच लक्षात राहणारी वस्तू शोधा. उदाहरणादाखल विरजण घेऊ.

"दही संपलं?"
"मी जेवलो तेव्हा होतं."
"विरजणापुरतं ठेवायचं असतं, मंदार."
"अगं, खाली मिळतं की. चारशे ग्रॅमचा डबा."
"खाली सगळंच मिळतं."
"म्हणजे?"
"म्हणजे काही नाही. पाहुणे साडेआठला येणारेत. कढी होणार नाही एवढंच सांग त्यांना."
"एका चमच्यावरून तू..."
"एक चमचा. सहा वर्षं रोज एक चमचा."

भांडणाच्या प्रसंगाला चार पायऱ्या असतात: वस्तू, सवय, घरचे लोक, आणि शेवटी "तुझ्या लेखी मी कोण". वरच्या तुकड्यात पहिल्या दोनच झाल्या आहेत. तिसरी पाहुण्यांसमोर होऊ द्या, दबक्या आवाजात, स्वयंपाकघरात. चौथी पाहुणे गेल्यावर. अख्खं भांडण सात ते आठ पानं, पण सलग नको. मध्ये पाहुण्यांमुळे तुटलं की दाब वाढतो. नवा लेखक इथे हमखास एक चूक करतो: चौथ्या पायरीचं वाक्य पहिल्याच पानावर बोलून टाकतो. "तुला माझी किंमतच नाही" हे तिसऱ्या ओळीत आलं की पुढे चढायला काही उरत नाही.

दोघंही अर्धे बरोबर असले पाहिजेत. खात्री करण्यासाठी भांडण एकदा त्याच्या बाजूने, एकदा तिच्या बाजूने सांगून पाहा. एक बाजू सांगताना तुम्हाला कंटाळा आला तर ते पात्र अजून तयार झालेलं नाही.

निवडलेली वस्तू पुढे किमान तीनदा परत यायला हवी. विरजणाचंच घ्या. वेगळं झाल्यावर फ्रिजमध्ये दोन वाट्या, दोन्हींवर नावाच्या चिठ्ठ्या. मध्यंतराआधी एकदा केतकीचं दही नासतं आणि तिला त्याच्याकडून चमचाभर मागावं लागतं, किंवा ती न मागता रात्री चोरते. आणि शेवटाकडे कधीतरी मंदार जेवताना वाटीत थोडं ठेवून उठतो. त्यावर कोणी काही बोलायचं नाही.

पायरी ५: घराचा नकाशा काढा

कागदावर, मापासकट. ४०० ते ४५० चौरस फुटांचं १ बीएचके या कथेला सगळ्यांत चांगलं. २ बीएचके दिलंत की दोघं आपापलं दार लावून घेतात आणि तुमच्या हातात दोन शांत माणसं उरतात. २ बीएचके द्यायचंच असेल तर दुसरी खोली अडवून टाका: भावाचं सामान, पावसाळ्यात गळणारी भिंत, काहीही.

बाथरूम कुठे आहे हा नकाशातला सर्वांत मोलाचा प्रश्न. ते बेडरूममधून असेल तर सोफ्यावर झोपणाऱ्याला रोज सकाळी दार ठोठावावं लागतं. ज्याच्याकडे बेडरूम त्याच्याकडे पाणी. ज्याच्याकडे हॉल त्याच्याकडे टीव्ही, वायफायचा राउटर आणि मुख्य दार. सत्तेची वाटणी आपोआप झाली.

मग दोघांना सोडता न येणाऱ्या सामायिक गोष्टींची यादी करा. आठ तरी निघायला हव्यात: गॅस सिलिंडर, फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर, देवघर, पार्किंगची एकच जागा, कामाच्या मावशी, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. प्रत्येकीतून एक प्रसंग निघतो का ते तपासा. १४.२ किलोचा सिलिंडर अर्ध्या पोळ्या झाल्यावर संपतो; नोंदणी त्याच्या मोबाइलवर, ओटीपी त्याच्याकडे, आणि तो ऑफिसात मीटिंगमध्ये. देवघर तर फारच चांगलं, कारण त्याची वाटणी करायची हिंमत दोघांतही नसते.

इथेच दुसरा धोका: सगळं घरातच घडलं तर पडदा गुदमरतो. पासष्टांपैकी किमान वीस प्रसंग फ्लॅटच्या बाहेर न्या. लिफ्ट, जिना, गच्ची, पार्किंग हे फुकटचे आहेत. डोंबिवलीचं जोडपं असेल तर दोघं सकाळी एकाच लोकलला जातात, एकाच फलाटावर, ती महिलांच्या डब्यासमोर, तो चार डबे पुढे. लागोपाठ तीन प्रसंग एकाच खोलीत येऊ देऊ नका.

पायरी ६: नियमावली

पंचविसाव्या ते तिसाव्या पानादरम्यान दोघं नियम लिहितात. पाच ते सात पुरेत. नियम असा हवा की मोडला हे डोळ्यांना दिसेल. "एकमेकांचा आदर करायचा" हा नियम निरुपयोगी. "रात्री साडेदहानंतर मिक्सर नाही", "फ्रिजचा मधला कप्पा कोणाचाच नाही", "कोणाच्याही आईला दुसऱ्याने परस्पर फोन करायचा नाही", "घरात कोणाला आणायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं" हे चांगले नियम. प्रत्येक नियम मोडला जाणार. कोणत्या पानावर, कोणाकडून आणि रागाने की मायेने, हे नियमासमोर लिहून ठेवा. पहिले तीन रागाने मोडा. शेवटचे दोन मायेने.

पायरी ७: उट्ट्याची वही

आता खोड्या. त्याने राउटरचा पासवर्ड बदलला, तिने गिझरचा स्विच बंद केला. लिहायला मजा येते आणि पटकथा इथेच सर्वाधिक बिघडतात. एक वही करा, चार रकाने: प्रसंग, कोणी केलं, दुसऱ्याचं नेमकं काय गेलं, करणाऱ्याला त्याची काय किंमत पडली. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती खोडी फक्त गंमत आहे, काढून टाका. एकच माणूस लागोपाठ दोनदा जिंकायला नको. प्रत्येक खोडी आधीच्यापेक्षा मोठी हवी, पण फक्त आकाराने मोठी करत गेलात तर तुम्ही 'द वॉर ऑफ द रोझेस'मधल्या झुंबरावर लटकणाऱ्या जोडप्याकडे पोचाल. मोठी म्हणजे अधिक आतली: आधी सोय जाते, मग चारचौघांतली पत, मग एकमेकांबद्दल फक्त त्या दोघांनाच माहीत असलेली गोष्ट. ती शेवटची गोष्ट एकदाच वापरता येते, आणि ती वापरणाऱ्याला तेव्हाच कळतं की आता कॉमेडी थांबली. सत्तर-पंच्याहत्तर पानांवर तिची जागा.

हात लावू नये अशा तीन गोष्टी: दुसऱ्याचा फोन चोरून वाचणं (पात्र लगेच नावडतं होतं), नोकरी घालवणं, आणि मूल असेल तर त्याला निरोप्या करणं. मूल शक्यतो नकोच. आलं की चित्रपट त्याचा होतो आणि व्हायलाच हवा.

अबोला मात्र भरपूर वापरा. आपल्याकडे अबोल्यात माणसं बोलणं थांबवत नाहीत, फक्त पत्ता बदलतात. "मावशी, त्यांना सांगा, दूधवाल्याचं बिल दिलंय." मावशी दोघांच्या मध्ये पोळपाट घेऊन बसलेल्या, आणि दोघंही त्यांच्याशीच बोलतायत. दीड पानाचा प्रसंग, खर्च शून्य. एरवी 'अरे-तुरे' करणारी केतकी "आपण जेवणार आहात का?" म्हणते तेव्हा आरडाओरड्यापेक्षा जास्त झोंबतं, हे दोनदाच वापरा.

पायरी ८: कोणाला काय माहीत

पात्रांची यादी करून प्रत्येकासमोर त्याला कधी कळतं ते पान लिहा. मावशींना सर्वांत आधी कळतं, कारण हॉलमधल्या पांघरुणाची घडी त्या लागोपाठ दोन सकाळी घालतात. वॉचमनला अंदाज असतो. सोसायटीला चुकीचं कळतं. आईवडिलांना शेवटी.

मध्यंतराला यातलंच एक दार उघडा. उदाहरणार्थ, मंदारची आई सांगलीहून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी येते. त्यानंतर साधारण महिनाभर डोळ्यांत थेंब घालावे लागतात, म्हणजे ती लगेच परत जाणार नाही. हॉल आईला, त्यामुळे सोफा गेला, त्यामुळे दोघं पुन्हा एकाच खोलीत. दिसत नसलं तरी तिला ऐकू सगळं येतं. शिवाय दुपारचे थेंब केतकीनेच घालायचे, कारण तो महिनाभर ती घरून काम करते. सासू-सुनेचे हे प्रसंग भांडकुदळ करायचा मोह टाळा. डोळे मिटून पडलेल्या बाईशी माणूस खरं बोलतो, दुसऱ्या भागाला आवश्यक असलेली माहिती तिथून येऊ द्या.

मत्सर वाढवायला आणलेलं तिसरं माणूस, ऑफिसातला कोणी किंवा ॲपवर भेटलेली कोणी, तीन-चार प्रसंगांपुरतं ठेवा, आणि त्याला मूर्ख करू नका. समंजस, देखणा आणि वेळेवर येणारा माणूस जास्त त्रासदायक ठरतो.

पायरी ९: शेवट

तीन शेवट शक्य आहेत: एकत्र, वेगळे, उघडा. एकत्र आणायचं असेल तर माफीच्या भाषणावर भिस्त ठेवू नका. ज्या सवयीवरून भांडण झालं ती नव्वदाव्या पानाच्या आधी बदललेली दिसली पाहिजे, आणि बदलणाऱ्याला तेव्हा त्यातून काही मिळत नसलं पाहिजे. दोघंही बदलायला हवेत. एकच बदलला तर ती शरणागती होते. केतकीलाही न सांगता सगळं आपणच लक्षात ठेवायचं आणि मग हिशेब मांडायचा, ही खोड सोडावी लागेल.

वेगळं करायचं असेल तर अडकण सुटण्याचा प्रसंग आनंदाचा भासला पाहिजे. भोगवटा प्रमाणपत्र येतं, सोसायटीत पेढे वाटले जातात, गिऱ्हाईक बयाणा देतं, आणि या दोघांना कळत नाही आता भांडायचं कशावरून. 'द ब्रेक-अप'मध्ये दोघं वेगळे होतात आणि बऱ्याच काळाने रस्त्यात सहज भेटतात, एवढंच. रोमँटिक कॉमेडी म्हणून जाहिरात केलेल्या चित्रपटाला असा शेवट देणं धाडसाचं असतं. निर्मात्याला कथा ऐकवताना शेवट लपवू नका, नाहीतर चित्रीकरणाच्या आदल्या आठवड्यात तो तुमच्याकडून बदलून घेतला जातो.

उघडा शेवट सर्वांत अवघड. प्रश्न उघडा राहिला तरी चालतो, घड्याळ उघडं राहून चालत नाही. घर विकलं गेलं की नाही, सही झाली की नाही, हे प्रेक्षकाला कळलंच पाहिजे.

पायरी १०: कामाचा क्रम

आधी वन-लाइन: प्रत्येक प्रसंग एका ओळीत, साठ-सत्तर ओळी, कोणाचं पारडं वर ते प्रत्येक ओळीपुढे बाणाने. बाण लागोपाठ चारदा एकाच दिशेला दिसले तर तिथे बदला. मग प्रसंगांचा विस्तार, आणि संवाद सर्वांत शेवटी. रोज तीन पानं धरली तर पहिला खर्डा सहा आठवड्यांत होतो. त्यात बहुधा पंधरा-वीस पानं जास्त होतील. कापायला सर्वांत आधी खोड्या घ्या, अडकणीचे प्रसंग शेवटी.

वाचन दोन नटांकडून करून घ्या, स्वतः वाचू नका. स्वतः वाचताना लेखक नकळत आपल्या लाडक्या पात्राला चांगला आवाज देतो. ऐकणाऱ्यांत एखादं लग्न झालेलं जोडपं असावं. वाचन संपल्यावर त्यांना एवढंच विचारा: कोणाचं बरोबर होतं? दोघांनी एकच नाव घेतलं तर पायरी ४ ला परत जा. त्यांचं त्यावरून आपसांत जुंपलं तर फार हात न लावता स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथेची नोंदणी करा, आणि पीडीएफ कोणालाही पाठवायची ती त्यानंतरच.